चेंडू सोडायला शिकवणारे रहीमसाहेब

मैत्रिणींनो, फुटबॉलशी माझा संबंध म्हणाल तर आमच्या माळ्यावर पडलेला, हवा गेलेला एक चेंडू, एवढाच. धाकट्याने शाळेत असताना हट्टाने घेतला होता. चार दिवस खेळला आणि पुन्हा बॅट घेऊन पळाला. कोल्हापूरकडे फुटबॉलचं वेड आहे म्हणतात, पण आमच्या देऊळघाटला मुलं जमली की क्रिकेटच. त्यामुळे मी आज एका फुटबॉलच्या प्रशिक्षकाबद्दल लिहिणार म्हटल्यावर आमचे हे आधी हसलेच. पण या माणसाने माझी चांगलीच कानउघाडणी केली. तीही स्वतः जाऊन साठ वर्षं उलटल्यावर. म्हणून सांगावंसं वाटलं.

सुरुवात माझ्या ऑपरेशनपासून करते. गेल्या वर्षी मृग लागायच्या सुमारास माझं पोटाचं ऑपरेशन झालं. दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही, बाहेर जायचं नाही. घर कसंबसं चाललं, पण अडला तो आमचा बचत गट. आठ वर्षांचा गट, बारा बायका. अध्यक्ष मी. हजेरी मी लिहायची, हिशेब मी करायचा, बुलढाण्याला बँकेत मी जायचं. पासबुकं माझ्या कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. सचिवबाई सही करायच्या, पण मी बोट ठेवीन तिथे. सगळं वेळेवर व्हायचं, कुणाची तक्रार नव्हती. मला तर त्याचा अभिमानच होता.

त्या दोन महिन्यांत एकही बैठक झाली नाही. कर्जाचा हप्ता थकला. त्यातच पेरणीचे दिवस. गटातल्या एका बाईला बियाण्यासाठी सहा हजार हवे होते. पैसे गटाच्या खात्यात पडून होते. पण काढायचे कसे, कागद कोणता भरायचा, ठराव कसा लिहायचा, हे अकरा जणींतल्या एकीलाही सांगता येईना. मला त्रास नको म्हणून कुणी सांगायलाही आलं नाही. शेवटी त्या बाईने खासगीत व्याजाने पैसे उचलले. मला कळलं तेव्हा मी सगळ्यांवर चिडले. एवढ्या मोठ्या बायका तुम्ही, एवढंही जमू नये का, म्हणून बोलले. ती बाई खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसली होती. काही बोलली नाही.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी मुलाने टीव्हीवर मैदान नावाचा सिनेमा लावून दिला. २०२४ मध्ये आलेला, अजय देवगणचा. पडल्या पडल्या दुसरं काय करणार, म्हणून बघितला. सिनेमात मीठमसाला असतोच, पण माणूस खरा होता असं कळलं. मग मी मुलाच्या मागे लागले, मिळेल ते वाचून घेतलं, जुन्या खेळाडूंनी सांगून ठेवलेल्या आठवणी ऐकल्या. त्यातून मला जे रहीमसाहेब कळले, ते असे.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. आपल्याला हैदराबाद लांबचं वाटतं. पण तेव्हाचं हैदराबाद संस्थान आमच्या शिवेला लागलेलं होतं. बुलढाण्याहून खाली जालन्याकडे उतरलं की निजामाचा मुलूख सुरू व्हायचा. आमचा वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच, कारभार मात्र इंग्रजांचा. माझ्या आजेसासूबाईंचं माहेर जालन्याकडचं, त्यांच्या बोलण्यात निजामाच्या राज्यातल्या गोष्टी यायच्या. तेव्हा हा माणूस तसा शेजारच्याच राज्यातला.

रहीमसाहेब पेशाने शिक्षक. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथल्या संघातून फुटबॉल खेळले. काही दिवस शिकवण्याचं काम केलं, मग पुन्हा शिकून बीएची पदवी घेतली. माझ्यासारखेच आर्ट्सवाले, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं. हैदराबादच्या काचीगुडा, चादरघाट अशा भागांतल्या शाळांमध्ये त्यांनी नोकरी केली. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. म्हणजे आपल्या शाळेत पीटीचे सर असतात ना, तसे. खेळाडू म्हणून ते चांगले होते, पण त्यांचं नाव झालं ते खेळल्यामुळे नाही, शिकवल्यामुळे.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. या तरुण मास्तरांनी तिथे काय केलं, ते नीट ऐका. फुटबॉल न कळणाऱ्या माझ्यासारखीलाही ते लगेच कळलं.

त्या काळी आपल्याकडे चांगला खेळाडू कोण, तर ज्याच्या पायातून चेंडू कुणाला काढता येत नाही तो. चेंडू मिळाला की तो पायात खेळवत, एकाला चकवत, दुसऱ्याला चकवत एकट्यानेच पुढे न्यायचा. याला ड्रिबलिंग म्हणतात. लोक टाळ्या पिटायचे, खेळाडूची वाहवा व्हायची. पण बाकीचे दहा जण नुसते बघत उभे राहायचे. आणि तो एकटा दमला, पडला, की सगळा संघच पडायचा.

रहीमसाहेबांनी यावर साधा उपाय काढला. त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यात ड्रिबलिंगला बंदी. चेंडू आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. पायात ठेवायचा नाही. आता चेंडू ठेवायचाच नाही म्हटल्यावर, तो येण्याआधीच बघून ठेवावं लागतं की आपला कोण कुठे उभा आहे. आणि ज्याच्याकडे चेंडू नाही त्यालाही उभं राहून चालत नाही, पळत जाऊन मोकळी जागा धरावी लागते. असा सगळा संघ हलता झाला.

दुसरी गंमत त्याहून मोठी. उजव्या पायाने खेळणाऱ्याने फक्त डाव्या पायाने खेळायचं, अशाही स्पर्धा त्यांनी घेतल्या. आपला जो पाय कच्चा, त्यानेच खेळायचं. विचार करा, किती चुका झाल्या असतील! चेंडू कुठल्या कुठे गेले असतील, बघणारे हसले असतील. पण सगळेच चुकणार, तर लाजायचं कुणाला? हळूहळू तो कच्चा पायही पक्का झाला.

इथपर्यंत आले आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्या कमरेची किल्ली आली. आठ वर्षं चेंडू माझ्याच पायात होता. लोक वाहवा करत होते. बाकीच्या अकरा जणी बघत उभ्या होत्या, आणि मी पडले तेव्हा सगळा गटच पडला. दोष त्यांचा नव्हता. मीच त्यांच्याकडे कधी चेंडू दिला नव्हता.

असो. रहीमसाहेबांची गोष्ट पुढे सांगते.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली, हैदराबाद संस्थान भारतात आलं. फार हलाखीचे, धास्तीचे दिवस होते ते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, रहीमसाहेब हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे प्रशिक्षक झाले. तेव्हा ते चाळिशीत होते. पोलीस खात्यातल्या या पोरांना घेऊन ते मुंबईला आले. कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप नावाची जुनी, मानाची स्पर्धा व्हायची. १८९१ पासून चालत आलेली. ती हैदराबाद पोलिसांनी १९५० मध्ये जिंकली. मग १९५१ मध्ये जिंकली. मग १९५२, १९५३ आणि १९५४. ओळीने पाच वर्षं! फुटबॉल म्हणजे कलकत्ता, असं मानणाऱ्यांना हैदराबादकडे वळून बघावंच लागलं. दिल्लीचा ड्युरँड करंडकही त्यांनी १९५० मध्येच पटकावला आणि पुढेही जिंकला.

भारताच्या संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. पहिले आशियाई खेळ १९५१ मध्ये आपल्याच दिल्लीत झाले. नव्याने स्वतंत्र झालेला देश. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला १-० असं हरवलं आणि सुवर्णपदक जिंकलं. गोल साहू मेवालाल यांचा, कर्णधार शैलेन मन्ना. पंडित नेहरू सामना बघायला होते.

पण यश मिळालं की परीक्षाही लगेच येते. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, फिनलंडमधल्या हेलसिंकीला ऑलिम्पिक झालं. समोर युगोस्लाव्हियाचा संघ. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळायचे, पायाला नुसत्या पट्ट्या बांधून. आपल्याकडच्या मैदानावर ते चालून जायचं. तिथे गारठा, निसरडं मैदान आणि बूट घातलेले धिप्पाड गडी. भारत १०-१ असा हरला. दहा गोल! तुम्हीच सांगा, परत येताना त्या मास्तरांच्या मनाची काय अवस्था झाली असेल? मुलगा नापास झाला तर आपण आठ दिवस बाहेर तोंड दाखवत नाही. इथे तर सगळ्या देशापुढे नापास.

त्या हरण्यातून एक गोष्ट झाली. यापुढे बूट घालूनच खेळायचं, असा नियम भारतीय फुटबॉल महासंघाने केला. ऐकायला सोपं वाटतं. पण अनवाणी खेळण्याची लहानपणापासूनची सवय. बुटात पाय जड होतो, चेंडू कळत नाही. माझ्या सासूबाईंना गॅसची सवय व्हायला दोन वर्षं लागली होती, चुलीवरच्या भाकरीची चव नाही म्हणायच्या. सवय मोडणं किती अवघड असतं ते आपल्याला माहीत आहे. शिवाय आपल्याकडे तेव्हा सामना सत्तर मिनिटांचा असायचा आणि बाहेर नव्वद मिनिटांचा. म्हणजे दमसासही वाढवायला हवा. रहीमसाहेब मात्र रुसून घरी बसले नाहीत. बाहेरचे संघ कसे खेळतात याचा त्यांनी अभ्यास सुरू केला. हंगेरीचा संघ तेव्हा जगात गाजत होता. १९५३ मध्ये त्यांनी इंग्लंडला त्यांच्याच मैदानावर ६-३ असं हरवलं होतं. त्यांची युक्ती अशी की, सगळ्यात पुढे उभा राहायचा तो खेळाडू मुद्दाम मागे सरकायचा. त्याला अडवायला ठेवलेला माणूस गोंधळायचा, मागे जावं की जागेवर थांबावं, आणि तेवढ्यात मोकळ्या जागेतून दुसरे घुसायचे. रहीमसाहेबांनी ही युक्ती आपल्या मुलांना शिकवली.

याच काळातली एक आठवण मला फार आवडली. सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला एक पोरगा, तुलसीदास बलराम, रहीमसाहेबांच्या नजरेत भरला. सरावाला ये म्हणाले, तर त्या पोराजवळ शहरात यायजायला पैसे नव्हते. रहीमसाहेबांनी त्या खर्चाची सोय लावून दिली. पुढे हाच बलराम भारताच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक ठरला. गटातल्या बायका बैठकीला का येत नाहीत म्हणून आपण कितीदा नाराज होतो. पण तिच्याकडे यायजायला पैसे आहेत का, हे विचारतो का?

१९५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला ऑलिम्पिक झालं. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला संघ आता बूट घालून उतरला. संघात हैदराबादची बरीच मुलं होती, पीटर थंगराज, नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, बलराम. आणि मुंबईकडून खेळणारा, मूळ गोव्याचा नेव्हिल डिसूझा. भारताने यजमान ऑस्ट्रेलियालाच ४-२ असं हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिम्पिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. नेव्हिलने गोल करून भारताला पुढे नेलं. शेवटी आपण ४-१ असे हरलो, आणि तिसऱ्या जागेसाठीचा सामना बल्गेरियाने जिंकला. भारत चौथा. पदक नाही. पण ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये भारत त्याच्या पुढे आजवर गेलेला नाही.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकला रहीमसाहेबच संघ घेऊन गेले. हंगेरीकडून २-१ अशी थोडक्यात हार झाली. फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली. पेरूकडून हरलो. निकाल बघितला तर पहिल्याच फेरीत बाहेर. पण मला त्यातली एक घरची गोष्ट लागून राहिली. त्या संघात रहीमसाहेबांचा मुलगा होता, सय्यद शाहिद हकीम. चांगला खेळाडू. तरीही रोममधल्या एकाही सामन्यात तो मैदानावर उतरला नाही. आणि दोन वर्षांनी आशियाई खेळांसाठी निवडलेल्या संघातही तो नव्हता.

आपण आया आहोत. वाचताना माझ्या मनात आधी त्या घरातल्या आईचाच विचार आला. बाप निवडणारा आणि मुलगा बाहेर! घरात काय बोलणं झालं असेल, कोण जेवलं असेल, कोण नसेल. आपल्याकडे गावच्या कमिटीत चारशे रुपयांचं काम निघालं तरी आपल्याच पुतण्याला लावायची रीत. हकीम यांनी मात्र पुढे वायुसेनेत नोकरी केली, फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय पंच झाले, प्रशिक्षक झाले. २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. वडिलांनी संघात जागा दिली नाही, पण खेळाचं वेड मात्र दिलं.

आता १९६२. इंडोनेशियातल्या जकार्ताला आशियाई खेळ होते. रहीमसाहेबांना तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासलं होतं. वय त्रेपन्न. तरीही ते संघाबरोबर गेले.

तिथे वातावरण तापलेलं होतं. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. यावर भारताचे ऑलिम्पिक समितीतले गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला, मग याला आशियाई खेळ म्हणताच येणार नाही अशी भूमिका घेतली. त्यावरून तिथले लोक भारतावर भडकले. आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. खेळाडूंचा यात काय दोष? पण राग त्यांच्यावर निघत होता.

पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी, तो भारत २-० असा हरला. मग थायलंडला ४-१ असं हरवलं, पण त्यात बचाव सांभाळणारा जर्नेलसिंग डोक्याला लागून जखमी झाला, टाके पडले. जपानविरुद्ध तो खेळू शकला नाही, तरी तो सामना आपण २-० असा जिंकला. उपांत्य सामन्याला जर्नेल हवा होता, पण डोक्याला टाके असताना मागे बचावाला कसं उभं करायचं? रहीमसाहेबांनी त्याला चक्क पुढे, गोल करायला पाठवलं. म्हणजे जन्मभर दार राखणाऱ्याला एकदम अंगणात काढलं! त्या सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेलने गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकला. कच्च्या पायाने खेळायला लावणारे मास्तर ते हेच.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ ला. समोर पुन्हा दक्षिण कोरिया, ज्यांनी आपल्याला हरवलं होतं तेच. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी मुलांना जवळ बसवलं आणि उद्या मला सोन्याचं पदक भेट द्या, एवढंच मागितलं, असं ते खेळाडू पुढे म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. स्टेडियमात लाखभर लोक, आणि जवळजवळ सगळेच भारताच्या विरोधात ओरडणारे. भारतासाठी ओरडायला कोण होतं, तर पाकिस्तानच्या हॉकी संघातली मुलं, असं खेळाडू सांगत. गोलरक्षक थंगराज तापातून नुकताच उठलेला. जर्नेलच्या डोक्याला पट्टी. अशा संघाने सतराव्या मिनिटाला गोल केला, पी. के. बॅनर्जी यांनी. विसाव्या मिनिटाला दुसरा, जर्नेलसिंगने. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना कोरियाने एक गोल फेडला. पण तेवढाच. भारत २-१ असा जिंकला. कर्णधार चुनी गोस्वामी. गोव्याचे फोर्तुनातो फ्रँकोही त्या संघात होते. बंगाली, पंजाबी, तेलुगू, गोवेकर, हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिश्चन, सगळे एकमेकांना चेंडू देत खेळले आणि आजारी मास्तरांना मागितलेली भेट दिली.

मायदेशी परतल्यावर रहीमसाहेबांचा आजार बळावला. त्यांनी अंथरूण धरलं आणि ११ जून १९६३ ला ते गेले. पदक मिळून वर्षही झालं नव्हतं. प्रशिक्षकांना द्यायचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ मध्ये, त्यांच्या पश्चात बावीस वर्षांनी. आशियाई खेळांत भारताला फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर कधीही मिळालेलं नाही. १९७० मध्ये बँकॉकला एक ब्राँझ मिळालं, बस.

हे वाचून मी मुलाला विचारलं, चेंडू दुसऱ्याला द्यायला शिकवणारे मास्तर, मग ते गेल्यावर सगळं असं थांबलं कसं? तो म्हणाला, आई, खेळाडू तयार झाले गं, पण त्यांच्यासारखा मास्तर तयार झाला नाही. पोराचं म्हणणं पुरतं खरं असेलच असं नाही. त्यांचेच काही खेळाडू पुढे चांगले प्रशिक्षक झाले, पी. के. बॅनर्जी त्यातलेच. १९७० चं ब्राँझ आलं तेव्हा संघाला शिकवणाऱ्यांत तेही होते. पण मला वाटतं, सगळ्या देशाने एका माणसावर भार टाकला, तर तो माणूस कितीही मोठा असला तरी शेवटी माणूसच. त्यालाही आजार येतो.

म्हणून बरं वाटल्यावर पहिल्या बैठकीत मी किल्ली काढून सतरंजीवर ठेवली. आधी त्या बियाणंवाल्या बाईची सगळ्यांसमोर माफी मागितली. मग रहीमसाहेबांचे दोन्ही नियम सांगितले. पहिला, कुठलंही काम एकीने लागोपाठ दोन महिने करायचं नाही, पुढचीला द्यायचं. दुसरा, जिला जे काम येत नाही, तिनेच ते आधी करायचं. बायका हसायला लागल्या. पण कबूल झाल्या.

सगळं गोड झालं असं मुळीच सांगणार नाही. पहिल्या महिन्यात हिशेबात सत्तर रुपयांचा घोळ निघाला. बँकेत गेलेल्या दोघी स्लिप चुकली म्हणून रिकाम्या परत आल्या, भाडं वाया गेलं. एक जण हे माझ्याच्याने होणार नाही म्हणून गट सोडून गेली, तिची आठवण अजून टोचते. माझा हात तर शंभरदा त्या वहीकडे जायचा. मी करून टाकते, द्या इकडे, हे शब्द ओठांवर यायचे. तेव्हा मी हाताची घडी घालून बसायची. मास्तरही मैदानाबाहेरच बसतात ना!

या मार्चमध्ये ती बियाणंवाली बाई आणि आमच्या गल्लीतल्या भाभी दोघी मिळून बुलढाण्याला गेल्या. ठराव त्यांनीच लिहिलेला, अक्षर वाकडंतिकडं, पण चूक एकही नाही. कर्जाचं काम करून संध्याकाळच्या एसटीने परतल्या. मी ओट्यावर शेंगा निवडत होते. लांबूनच तिने पासबुक हलवून दाखवलं, आणि माझ्या घराकडे न वळता सरळ सचिवबाईंकडे गेली. पासबुक आता त्यांच्याकडे असतं ना.

क्षणभर मला चुकल्यासारखं झालं, खरं सांगते. मग बरंही वाटलं. या वर्षीच्या पेरणीच्या आधी पैसे तिच्या हातात होते, आणि त्यासाठी माझी गरज पडली नव्हती.

मैत्रिणींनो, घरात असो, गटात असो, भजनी मंडळात असो, आपणही एकदा बघूया. चेंडू कुणाच्या पायात आहे, आणि कोण कोण नुसतं बघत उभं आहे?